एकतीस पट्ट्या

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर प्रबंध बांधून देणारी एक बाई होती. तिला सगळे डिंकमावशी म्हणायचे, आणि ती डिंकाला हातही लावत नसे. ती पिठाची खळ शिजवायची. "डिंक वाळला की कडक होतो, पुस्तकाची पाठ मोडतो," असं तिचं म्हणणं. पण प्रबंध घेऊन धावत आलेल्या पोरांना खळ आणि डिंक यांतला फरक कुठे कळणार? नाव पडलं ते पडलं. तिनेही मग ते पाटीवर रंगवून घेतलं आणि खाली बारीक अक्षरात लिहवलं, 'येथे डिंक वापरला जात नाही'.

दुकान म्हणजे एक खोली. दाराशी गिऱ्हाइकांसाठी बाक, आत लांब टेबल, भिंतीला लागून कागद कापायचं यंत्र, कोपऱ्यात शेगडी आणि तिच्यावर खळीचं पातेलं. दुकान मूळ तिच्या भावाचं. ती आली होती फक्त खळ ढवळायला. चार वर्षं त्याने तिच्या हातात सुई दिली नाही. पुढे भावाला दुसऱ्या शहरात छापखान्यात नोकरी लागली आणि 'तात्पुरतं बघ' म्हणून दुकान हिच्या गळ्यात टाकून तो गेला. मी तिथे गेले तेव्हा त्या तात्पुरत्याला सव्वीस वर्षं झाली होती. भाऊ वर्षातून एकदा यायचा, पुस्तकांचे कोपरे अंगठ्याने दाबून बघायचा आणि नाक मुरडायचा. ती म्हणायची, "येतो, कोपरे बघतो, जेवतो, जातो. परीक्षकच आहे मेला."

माझी आणि तिची गाठ पडली तेव्हा मी तिला फसवायला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे उगाच कुणाला माझी कणव यायला नको.

माझा प्रबंध विहिरींच्या पाण्यावर होता. चाळीस विहिरी, दोन वर्षं, दर महिन्याला बाटल्या भरून आणायच्या आणि पाण्यातले क्षार मोजायचे. तीन प्रकरणं लिहून झाली. चौथ्यात एवढंच सांगायचं होतं की या सगळ्याचा अर्थ काय, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. 'प्रस्तुत प्रकरणात' एवढे दोन शब्द मी किती वेळा लिहिले असतील, देव जाणे. ते लिहिले की छातीत काहीतरी आवळायचं, बोटं गार पडायची, आणि मी उठून टेबलावरचा पेला धुवायला जायचे. तो धुतलेलाच असायचा. खोलीतली मैत्रीण म्हणायची, "अगं, त्या पेल्यावरच प्रबंध लिही की. दोन्ही कामं होतील." मी हसायचे. हसता येत होतं, आंघोळ करता येत होती, लोकांशी नीट बोलता येत होतं. फक्त ती फाइल उघडली की श्वास पुरत नसे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी स्वतःला म्हणायचे, आणि विषय विहिरींचा असल्यामुळे ते जास्तच लागायचं.

कुणाला सांगायची सोय नव्हती. बाबा सुतार. आल्यागेल्याला ते सांगायचे की आमची पोर मोठं पुस्तक लिहितेय. दादा मला पंडितीण म्हणायचा. चिडवायचा, पण त्याच्या मित्रांना माझ्या विषयाचं नाव पाठ होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडम विभागात सांगायच्या, "हिच्या मागे लागावं लागत नाही." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ मी सात महिने झाकून धरली होती.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला प्रबंध घेण्याची खिडकी बंद होणार होती. मुदतवाढ मागता येत होती, नाही असं नाही. पण त्या अर्जावर मॅडमची सही लागायची आणि अर्जात 'कारण' असा एक रकाना होता. तो रकाना भरण्यापेक्षा मला दुसरं काहीतरी सोपं वाटलं. मी एकशे बारा ते एकशे बेचाळीस ही पानं कोरी छापून घेतली. वर फक्त 'प्रकरण चौथे', खाली पानांचे आकडे. परीक्षकांच्या हातात पुस्तक पडायला दोन महिने तरी जातील, तोवर मी लिहीन आणि मग कसंतरी ती पानं बदलीन, असा बेत होता. त्या 'कसंतरी'च्या पुढे मी विचार केला नव्हता. कोरी पानं देऊन प्रबंध दाखल केला तर नोंदणीच रद्द होते, पाच वर्षं पाण्यात जातात, हे मला ठाऊक होतं. मॅडमना सांगितलं की चौथं प्रकरण टाइप होतंय. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि प्रमाणपत्रावर सही करून दिली.

सकाळी साडेनऊला मी दोन गठ्ठे डिंकमावशीच्या टेबलावर ठेवले. एक प्रत विद्यापीठाची, एक माझी.

"चारला मिळेल," ती म्हणाली. "बस हवं तर. जा हवं तर."

मी बसले. जायला जागा नव्हती. तिने गठ्ठा उचलला, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि अंगठ्याने पानं सोडायला सुरुवात केली. वाचत नव्हती, सातवीनंतर शाळा सुटलेली, वाचायला तिला वेळ लागायचा. पण शिवण्याआधी एकेक पान अंगठ्याखालून जाऊ द्यायचं, हा तिचा नेम होता, नाहीतर उलटं लागलेलं पान तसंच शिवलं जातं. पानं सरसर जात होती. मी तो आवाज ऐकत होते. मग आवाज बदलला. छापलेलं पान थोडं धरून जातं, कोरं नुसतं घसरतं.

तिने मागे येऊन पुन्हा पानं सोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही कोरी आहेत."

"नकाशे लावायचेत," मी म्हणाले. हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. कितीतरी प्रबंधांत नकाशे, फोटो नंतर चिकटवतात; त्यासाठी पानं कोरी सोडतात.

"एकतीस नकाशे?"

"विहिरींचे."

"आण मग. मी लावून देते, पैसे नको देऊ त्याचे. तू लावशील तर फुगे येतील."

"खोलीवर आहेत."

"किती लांब आहे खोली?"

"दहा मिनिटं."

"मग जा की, आण," ती म्हणाली आणि माझा गठ्ठा बाजूला सारून दुसऱ्याचं काम हातात घेतलं.

मी उठले. रस्ता ओलांडला, फाटकातून आत गेले आणि खोलीच्या दिशेने चालायलाही लागले, जणू खरंच तिथे एकतीस नकाशे माझी वाट बघत बसलेत. मग पाय विभागाकडे वळले. मॅडमच्या खिडकीत त्यांची पाण्याची बाटली दिसत होती, म्हणजे त्या होत्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी पाय ठेवला. कानात काहीतरी वाजायला लागलं, हातापायांतलं बळ गेलं, आणि आता आपण इथेच मरणार अशी माझी खात्रीच झाली. अतिशयोक्ती करत नाही. मला खरंच तसं वाटलं, आणि मेले तर निदान रकाना भरावा लागणार नाही, असंही वाटलं. मी कठडा धरून उभी राहिले. वरून दोन मुलं हसत उतरली. एकाने विचारलं, "कोणाची वाट बघताय का?" मी हो म्हणाले.

दुकानात परत आले तेव्हा बारा वाजत आले होते. हात रिकामे. माझा गठ्ठा होता तिथेच होता, शिवलेला नव्हता. डिंकमावशीने माझ्या हातांकडे बघितलं, उठली आणि माठातलं पाणी दिलं. मग स्टुलावर चढून सगळ्यांत वरच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"उघड."

सुंदर बांधणी होती. निळं कापड, सोनेरी अक्षरं. मी पानं चाळली. मधली वीसेक पानं कोरी होती. खाली फक्त आकडे.

"तोही म्हणाला होता, फोटो लावायचेत," ती म्हणाली. "मीही गंमत केली, म्हटलं लग्नाचे आहेत का रे? हसला. दात दिसतील असं हसला. मी शिवून टाकलं. मला काय, कोरं पान म्हणजे फोटोचं पान. बारा वर्षं हेच करत आले होते." तिने पुस्तक आपल्याकडे ओढलं. "न्यायला आलाच नाही. दोन महिन्यांनी त्याची आई आली. खोलीतून बाहेर येत नाही म्हणाली, भिंतीकडे तोंड करून बसतो, कुणाशी बोलत नाही. तुमच्याकडे शेवटचा आला होता, काही बोलला का? मी काय सांगणार? फोटो लावायचेत म्हणाला, एवढंच."

"आता कसा आहे?"

"बोलतो म्हणे थोडं. आई तेव्हा पुस्तक नको म्हणाली, ठेवा, तो येऊन नेईल. चौदा वर्षं झाली. कागद पिवळा पडला की मी वरचं वर्तमानपत्र बदलते." ती थांबली. "अंगठ्याला कळलं होतं माझ्या. तोंडाने विचारलं नाही."

मी रडले की काय, असं विचाराल तर नाही. मला राग आला. हिला काय अधिकार, असं वाटलं. मी म्हणाले, "मावशी, माझं वेगळं आहे. मी लिहिणार आहे. तुम्ही फक्त शिवून द्या."

"देईन की," ती शांतपणे म्हणाली. "पुस्तक तुझं आहे. कोरी पानं घालून शिवून देते, चारला घेऊन जा. खिडकीतला माणूस पानं मोजत नाही, शिक्का मारेल." मग तिने टेबलाखालून जाड कागदाची एक पट्टी काढली, बोटभर रुंद, पानाएवढी लांब. "नाहीतर हे. कोऱ्या पानांच्या जागी या पट्ट्या शिवायच्या. पुढे पान लिहून झालं की पट्टीला चिकटवायचं. पुस्तक उसवावं लागत नाही. मुदतवाढीच्या अर्जाबरोबर झालेलं काम बांधून द्यावं लागतं, सुटी पानं ते घेत नाहीत. तुम्हाला कुणालाच हा नियम माहीत नसतो, मला आहे. तुझ्याआधी नऊ जणांना करून दिलंय."

"पण मग लगेच दिसेल की लिहिलेलं नाही."

"दिसेल."

"मॅडमना सांगावं लागेल."

"लागेल." तिने सुईत दोरा ओवला. "काय ते आत्ता ठरव. शिलाई एकदाच होते. दोनदा भोकं पाडली तर कागद फाटतो."

दोरा ओवून ती नुसती बसली. शेगडीवरची खळ बुडबुडत होती, ती ढवळायलाही उठली नाही. बाहेर कुणीतरी आलं, "झालं का माझं?" म्हणून विचारलं, तिने हातानेच थांब म्हणून सांगितलं. मी घड्याळाकडे बघितलं, गठ्ठ्याकडे बघितलं, वर्तमानपत्रात परत गुंडाळलेल्या त्या पुस्तकाकडे बघितलं. त्याच्या सोनेरी अक्षरांत आणि माझ्या होणाऱ्या सोनेरी अक्षरांत काय फरक होता? बडा घर पोकळ वासा.

"पट्ट्या," मी म्हणाले.

"मग बसून काय राहिलीस? काप. एकतीस. दोन प्रती, म्हणजे बासष्ट."

तिने माझ्या हातात मोजपट्टी, पेन्सिल आणि सुरी दिली. पहिल्या तीन वाकड्या गेल्या. तिने त्या उचलून शेगडीजवळच्या डब्यात टाकल्या. चौथी बरी आली. विसाव्या पट्टीपर्यंत मी फक्त कडेकडे बघत होते. अडीच वाजले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला भूक लागलीय, आणि तिने स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सारली. शिवताना ती टोच्याने भोक पाडायची आणि मी दोरा ओढायचे. "ओढ. अजून. दोरा तुटत नाही एवढ्याने," ती म्हणायची. कापड लावायला वेळ नव्हता. साधा पुठ्ठा, वर हाताने लिहिलेलं नाव. साडेतीनला पुस्तक ओलंच माझ्या हातात आलं.

"दाबून धर," ती म्हणाली. "आणि जिन्यावर थांबू नकोस. थांबलीस की गेलं."

तिला मी जिन्याचं सांगितलं नव्हतं. कदाचित सगळेच तिथे थांबत असतील.

मी थांबले नाही. छातीत पुन्हा तेच सुरू झालं, पण मी वर गेले आणि दार उघडून, नमस्कारही न करता म्हणाले, "मॅडम, चौथं प्रकरण नाहीये. एक ओळही नाही. टाइप होतंय म्हणाले ते खोटं होतं."

मॅडमनी पुस्तक घेतलं, पट्ट्यांवरून बोट फिरवलं. चेहरा लाल झाला. "माझी सही घेतलीस तू," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांत बघून." मी हो म्हणाले. "सात महिने मी सगळ्यांना तुझं उदाहरण देतेय." मी पुन्हा हो म्हणाले. त्यांनी मला बसवलं नाही, पाणी दिलं नाही. चांगल्याच रागावल्या होत्या, आणि रागवायला हवंच होतं. मग त्यांनी खणातून अर्ज काढला. 'कारण' या रकान्यापाशी मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "प्रकृती लिही. खोटं नाही ते. आरशात बघ एकदा स्वतःकडे. उद्या सकाळी विद्यापीठाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडे जायचं. मी विचारत नाहीये, सांगतेय."

पाचला दहा मिनिटं असताना मी खिडकीशी पोचले. आतल्या कारकुनाने पुस्तक उघडलं, पट्ट्यांवर अंगठा टेकवला. "मावशीचं काम," असं पुटपुटला आणि शिक्का मारला.

डॉक्टरीणबाईंकडे मी चार महिने जात राहिले. तिथे काय झालं ते इथे सांगत नाही. लांबलचक आहे आणि बरंचसं कंटाळवाणं. रोज एकच परिच्छेद लिहायचा, चांगला नसला तरी लिहायचा, असं त्यांच्याशी ठरलं. सुरुवातीचे कितीतरी दिवस तो परिच्छेद म्हणजे एक ओळ असायची. शेवटी चौथं प्रकरण चौदा पानांचं झालं. एकतीस मी का ठरवली होती, ते आता आठवतही नाही.

पक्की बांधणी घ्यायला गेले तेव्हा बाबा बरोबर होते. मुलीचं पुस्तक दुकानातून स्वतःच्या हाताने आणायचं, असा त्यांचा हट्ट. घरी मी अजून काहीच बोलले नव्हते. विद्यापीठाकडून उशीर झाला, एवढंच सांगितलं होतं. डिंकमावशीने पुस्तक टेबलावर ठेवलं. बाबांनी पहिल्यांदा कोपरे दाबून पाहिले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हेही परीक्षक का?"

मग बाबांचा अंगठा पाठीपाशी अडखळला. चौदा पानं चिकटवलेली होती. त्यांच्या पुढे सतरा पट्ट्या तशाच. "हे काय राहिलंय?" त्यांनी डिंकमावशीला विचारलं.

"तिला विचारा," ती म्हणाली आणि पाठ फिरवून खळ ढवळायला गेली.

मी दाराशी उभी होते. पळून जाता आलं असतं. मी सांगितलं. कोरी पानं, मॅडमची सही, जिना, डॉक्टरीणबाई, सगळं. बाबा ऐकत होते आणि त्यांचा अंगठा त्या पट्ट्यांवरून खालीवर फिरत होता.

"सात महिने?" ते म्हणाले.

"हो."

"आणि तू सुटीला आलीस की मी विचारायचो, किती झालं?"

"हो."

त्यांनी एक पट्टी चिमटीत धरून ओढून पाहिली. मग डिंकमावशीला म्हणाले, "या कापून टाकता येतील?"

"येतील. पण शिलाई सैल पडते. सगळ्याला धरून आहेत त्या."

बाबांना ते पटलं. सुताराला असलं समजावून सांगावं लागत नाही. "मग राहू द्या," ते म्हणाले.

त्याला आता नऊ वर्षं झाली. पुस्तक घरी बाबांच्या खोलीत असतं. कुणी आलं की ते अजूनही काढून दाखवतात, पण आता पहिलं पान उघडत नाहीत, सोनेरी अक्षरंही दाखवत नाहीत. शेजारच्यांचा मुलगा परीक्षेच्या आधी जेवेनासा झाला, तेव्हा त्याच्या आईवडिलांपुढे त्यांनी पुस्तक नेमकं त्या पट्ट्यांपाशी उघडलं आणि म्हणाले, "हे आमच्या पोरीला लिहिता आलं नाही. मला कळलंच नाही. तुम्ही त्याला आज विचारा."